सीलबंद धुणे

आपला फोटो एकदा तरी भिंतीवर लागावा, आणि तोही जिवंतपणी, असे कुणाला वाटले तर ती काही अवाजवी अपेक्षा नव्हे. वजनमापे खात्यातले निरीक्षक चोपन्न वर्षांचे झाले तरी त्यांचा फोटो ओळखपत्राबाहेर कुठेही लागला नव्हता. शाळेच्या फोटोत ते शेवटच्या रांगेत एका उंच मुलाच्या मागे होते. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने नेमके ते शिंकत असताना बटण दाबले. खात्याच्या वार्षिक अंकात त्यांचे नाव ‘डावीकडून तिसरे’ असे छापून आले होते, पण मोजून पाहिले तर डावीकडून तिसरी कुंडी होती. त्यामुळे जिममधले सर जेव्हा म्हणाले, "सोमवारी सकाळी सातला फोटो, काका. शंभर किलोवाल्यांच्या भिंतीवर," तेव्हा निरीक्षकांना गहिवरून आले. हे सर त्यांच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान होते, पण निरीक्षक त्यांना सरच म्हणत.

जमिनीवरून शंभर किलो उचलणाऱ्याला त्या जिममध्ये काळा टी-शर्ट मिळे. छातीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत ‘१०० किलो’ असे लिहिलेले. निरीक्षकांनी हे वजन चार महिन्यांच्या मेहनतीने उचलले होते, आणि उचलण्याआधी लोखंडाच्या सगळ्या चकत्या ऑफिसच्या काट्यावर तपासून घेतल्या होत्या. दोन चकत्या दीडशे-दीडशे ग्रॅम हलक्या निघाल्या. दुसरा कुणी असता तर मुकाट्याने उचलून मोकळा झाला असता. निरीक्षकांनी तूट भरून येईपर्यंत दांडीला हात लावला नाही. तेव्हा त्या टी-शर्टावरचे शंभर म्हणजे शंभरच होते, त्यात एका ग्रॅमची खोट नव्हती, आणि म्हणूनच मिळाल्या दिवसापासून ते जिममध्ये रोज तोच टी-शर्ट घालत होते.

मात्र फोटोचे सांगून झाल्यावरही सर जागचे हलले नाहीत. ते बुटांकडे बघू लागले.

"काका, एक सांगायचं होतं. राग मानू नका. सकाळच्या बॅचमधल्या दोघातिघांनी माझ्याकडे तक्रार केलीय. वासाची."

"कुणाच्या वासाची?" निरीक्षकांनी सहानुभूतीने विचारले.

सरांनी आणखी थोडा वेळ बुटांकडे पाहिले. मग म्हणाले, "फोटोत सगळे शंभरवाले खांद्याला खांदा लावून उभे राहणार. सोमवारी जर वास आला, तर तुम्हाला दुपारी तीनच्या बॅचला यावं लागेल, काका. तेव्हा कुणीच नसतं. आणि फोटोचं मग... बघू."

दुपारी तीनला निरीक्षक ऑफिसात असत, हे सरांना ठाऊक होते.

निरीक्षक घरी आले ते तोंडात मारल्यासारखा चेहरा घेऊन. दारातच त्यांनी पायपुसण्यावर उभे राहून जाहीर केले, "सोमवारी सकाळी सातच्या आत या टी-शर्टाचा वास गेला पाहिजे. नाहीतर माझा फोटो गेला आणि जिमही गेली."

आता वास कुणाला नवा नव्हता. गेले तीन आठवडे त्या घरात दुसऱ्या कशावर बोलणेच होत नव्हते. निरीक्षकांची पत्नी सरकारी इस्पितळात हेडसिस्टर होती, आणि सगळ्या इमारतीत तिला सिस्टरच म्हणत. तिच्या मते जगातल्या कुठल्याही घाणीवर उकळते पाणी हा एकच इलाज होता. निरीक्षकांच्या आईचा यंत्रावर मुळातच विश्वास नव्हता. साबणाची वडी, ब्रश आणि मनगट, याखेरीज धुणे होत नसते असे तिचे ठाम मत. आणि कॉलेजात शिकणारी मुलगी, जिला घरात मनी म्हणत, ती म्हणे की दोघीही कापडाचा खून करत आहेत.

"आतलं लेबल वाचा ना कुणीतरी," मनी म्हणाली आणि तिने टी-शर्ट दोन बोटांत धरून मोठ्याने वाचले. "थंड पाणी. उलटा करून धुवा. छपाईवर इस्त्री करू नका. याला व्हिनेगर लागतं, आजी. थोडंसं, बस्स."

"व्हिनेगर? म्हणजे तो आंबट वास आणखी वाढवायचा?" आजी म्हणाली. "बाळा, दे इकडे. मी घासते."

"सासूबाई, घासून जंतू मरत नाहीत. ते फक्त जागा बदलतात," सिस्टर म्हणाली.

"तुझे जंतू तुझ्या इस्पितळात. आमच्या घरात मळ असतो."

निरीक्षकांनी नेहमीप्रमाणे मधे पडायचा प्रयत्न केला आणि नेहमीप्रमाणे तिघी एकदम त्यांच्याकडे वळल्या. वास त्यांचा होता, तेव्हा मत द्यायचा अधिकार त्यांना नाही, यावर तिघींचे एकमत होते. ते बिचारे आपली खाकी कॅनव्हासची पिशवी खांद्याला लावून आत निघून गेले. ही पिशवी पूर्वी खात्याची प्रमाणित वजने ठेवायला होती. ती बाद झाल्यावर निरीक्षकांनी रीतसर अर्ज करून मिळवली होती, आणि जिमला जायला त्यांना तीच लागे.

खरी अडचण अशी होती की त्या घरात कुणाचेच धुणे पूर्ण होत नसे. आजीने घासून वाळत घातलेला टी-शर्ट सिस्टर ड्यूटीवरून आली की गुपचूप काढून उकळत्या पाण्यात टाके. तो बाहेर आला की मनी थंड पाण्यात बुडवे. दुसऱ्या दिवशी जिमहून वास परत आला की प्रत्येकीला खात्री पटे, की उरलेल्या दोघींनी आपल्या कामाची माती केली.

शुक्रवारी संध्याकाळी जिन्यात समोरचे प्राध्यापक भेटले. पस्तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते आणि आता त्यांना विद्यार्थी मिळत नसल्यामुळे ते शेजाऱ्यांना शिकवीत. निरीक्षकांनी मन मोकळे केले. प्राध्यापकांनी डोळे मिटून ऐकून घेतले.

"प्रयोग शुद्ध नाही," ते म्हणाले. "एका वेळी एकच उपाय करा. खायचा सोडा, मोजून दोनशे ग्रॅम. मशीनमध्ये सहा तास भिजवा. मधे कुणाचा हात लागता कामा नये. कुणाचाही."

मोजून म्हटल्याबरोबर निरीक्षकांच्या अंगात वीज संचारली. इतके दिवस हा प्रश्न बायकांच्या तावडीत होता, तो आता त्यांच्या खात्यात आला होता. हात लागू न देण्याचे काम तर ते अठ्ठावीस वर्षे करत होते. पेट्रोलपंपापासून तेलाच्या घाण्यापर्यंत त्यांनी सील केलेल्या वस्तूला कुणाची बोट लावायची छाती झाली नव्हती.

शनिवारी सकाळी दहा वाजता त्यांनी सोडा काट्यावर तोलला, टी-शर्टासकट घरातले चार दिवसांचे कपडे मशीनमध्ये टाकले, पाणी भरले आणि झाकण लावले. मग ऑफिसच्या बॅगेतून तार, शिशाचे सील आणि पक्कड काढली. झाकणाच्या कडीतून तार ओवून ती त्यांनी मागच्या पाइपभोवती दोनदा फिरवली, दोन्ही टोके सीलमध्ये घातली आणि पक्कड दाबली. कट्ट असा आवाज झाला. तो आवाज निरीक्षकांना फार आवडे.

"हे काय?" सिस्टरने विचारले.

"चार वाजेपर्यंत कुणीही हात लावायचा नाही."

तिने मशीनकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता ड्यूटीवर गेली. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने अशा प्रसंगी न बोलायची कला साध्य केली होती.

बारा वाजता मशीनने फेस काढायला सुरुवात केली. आधी झाकणाच्या फटीतून एक पांढरी रेघ आली, मग तिला फुगे आले, मग तो सगळा ऐवज मशीनच्या चारी अंगांनी खाली उतरून न्हाणीघरातून स्वयंपाकघराकडे निघाला. निरीक्षक सील हातात धरून बघत राहिले. सील शाबूत होते. अशा वेळी दुसरा कुणी आधी फरशीकडे बघेल, पण ज्याचा त्याचा पिंड वेगळा असतो.

चौकशीअंती असे कळले की पाणी भरताना निरीक्षक चष्मा शोधायला दोन मिनिटे बाहेर गेले होते. तेवढ्यात आजीने अर्धी वडी किसून आत टाकली होती. मनीने अर्धी बाटली व्हिनेगर ओतले होते. आणि या दोघी अशा वागणार हे ओळखून सिस्टरने सकाळीच टी-शर्टाच्या घडीत इस्पितळातली जंतुनाशक पावडर भरून ठेवली होती. प्रत्येकीचे म्हणणे एकच, की आपण टाकले ते बरोबरच होते, बाकीच्यांनी टाकायला नको होते.

फेस खालच्या मजल्यावर उतरला तशा खालच्या बाई वर आल्या. त्या इमारतीच्या सेक्रेटरीही होत्या, त्यामुळे त्यांना एकाच वेळी तक्रार करता येई आणि तक्रार दाखलही करून घेता येई.

"माझ्या छतातून साबण गळतोय. मशीन उघडा आणि पाणी सोडून द्या," त्या म्हणाल्या.

"चार वाजता," निरीक्षक म्हणाले.

चार वाजता त्यांनी तार कापायची पक्कड हातात घेतली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि सील उजेडाकडे वळवले. आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. सकाळी चष्मा कपाळावर असताना त्यांनी बॅगेतून भलतीच पुडी उचलली होती. हे साधे तपासणीचे सील नव्हते. हे जप्तीचे सील होते. त्याच्यावर लाल ठिपका होता आणि खाली क्रमांक होता, आणि ते तोडायचे तर वरिष्ठांची लेखी परवानगी आणि दोन पंच लागत.

सिस्टर ड्यूटीवरून आली तेव्हा नवरा न्हाणीघरात स्टुलावर बसला होता. तिने सगळे ऐकले आणि कात्री आणली.

"एवढीशी तार आहे. मी कापते."

"कापू नकोस," निरीक्षक म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर कापत होता. "मी अठ्ठावीस वर्षं लोकांना याच गोष्टीसाठी कोर्टात उभं केलंय. एका म्हाताऱ्याने रडत सांगितलं होतं, साहेब, उंदराने तोडलं. मी त्यालाही सोडलं नाही. आता माझ्या घरातलं तुटलं तर त्याला कुठल्या तोंडाने भेटू? तू कापलंस तर मला तुझ्यावर खटला भरावा लागेल."

"भरा. कोर्टात काय घालून जाऊ ते तेवढं सांगा. सगळे कपडे आत आहेत."

पण तिने कात्री जागेवर ठेवून दिली.

मुख्य साहेब सुट्टीला मासे पकडायला गेले होते. त्यांचा फोन लागला तो रविवारी संध्याकाळी. तोवर घरात फक्त आजीकडे घडीचे कपडे उरले होते, आणि मनी आजीचे लुगडे नेसून फिरत होती.

"जप्ती कुठे केलीत?" साहेबांनी विचारले.

"घरी."

"कुणाच्या?"

"माझ्या, साहेब."

"माल काय?"

"धुणं."

पलीकडे बराच वेळ नुसते पाणी वाहत असल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "तक्रारदार कोण?"

"तसं म्हटलं तर पत्नी. आई. मुलगी. जिमची सकाळची बॅच. आणि खालच्या बाई."

"निरीक्षक, तुम्ही रजा घेत नाही, हे तुमचं चुकतं," साहेब म्हणाले. तरीही त्यांनी परवानगी फोनवर लिहून धाडली. सोमवार, सकाळी सहा. त्याआधी कामाचा दिवस सुरू होत नाही.

सोमवारी सहाला पाच मिनिटे असताना पंच म्हणून प्राध्यापक आणि सेक्रेटरीबाई न्हाणीघरासमोर उभे होते. फोटोला पासष्ट मिनिटे उरली होती. निरीक्षक पंचनामा लिहू लागले. ‘आज रोजी आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, सदर यंत्राचे सील शाबूत असून...’ सेक्रेटरीबाईंनी ‘छत गळून’ असे मधे घालायला लावले. सहाच्या ठोक्याला तार तुटली आणि झाकण उघडले.

दोन दिवस बंद पाण्यात मुरलेल्या धुण्याबद्दल जास्त न लिहिणे बरे. दोन्ही पंच जिन्यापर्यंत धूम ठोकून गेले आणि तिथूनच सह्या करतो म्हणाले. आजीने पदर नाकाला लावला. सिस्टर मात्र हलली नाही. तिने आयुष्यात याहून वाईट पाहिले होते. तिने बाह्या वर केल्या आणि टी-शर्ट बाहेर काढला.

"साधं पाणी," ती म्हणाली. "बाकी आता काही टाकायचं नाही. आहे ते बाहेर काढू."

मग त्या घरात तीन आठवड्यांत पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून एक कपडा धुतला. मनी पाणी ओतत होती, आजी पिळत होती, सिस्टर झटकत होती. चौथ्या पाण्याला टी-शर्ट सगळ्यांच्या नाकांवरून फिरला. जिन्यावरून परत आलेल्या प्राध्यापकांनी दोनदा हुंगला. निरीक्षकांनी पंचनाम्यात लिहिले, ‘वास: निरंक.’ सव्वासहा झाले होते.

त्यांनी आनंदाने खुंटीवरची कॅनव्हासची पिशवी काढली, तिचे तोंड उघडले, आणि तो वास घरात परत आला. तोच, ओळखीचा.

सगळे पिशवीकडे पाहू लागले.

"बाळा," आजीने हळूच विचारले, "ही पिशवी कधी धुतलीस?"

"पिशवी?" निरीक्षक म्हणाले. "पिशवी कशाला धुवायची? व्यायाम मी करतो."

चार महिने रोज घामाने ओले झालेले कपडे या पिशवीत कोंबले जात होते, आणि आता रोज धुतलेला टी-शर्टही हिच्यातच घालून जिमला जात होता. म्हणजे आजीचे घासणे बरोबर होते, सिस्टरचे उकळणे बरोबर होते आणि मनीचे व्हिनेगरही बरोबर होते. याचा कुणालाच आनंद झाला नाही, कारण उरलेल्या दोघीही बरोबर निघाल्या होत्या. प्राध्यापकांनी पिशवी काठीने उचलून जिन्याबाहेर नेली, आणि निरीक्षकांनी पंचनाम्यात एक ओळ वाढवली. खरे तर त्यांना फरशीने पोटात घ्यावे असे वाटत होते.

"राहू दे आता ते," सिस्टर म्हणाली. "सहा पस्तीस झाले. ओला कसा घालणार? द्या, इस्त्री फिरवते."

तिला स्वतःलाही सातला ड्यूटीवर जायचे होते. घाईत तिने टी-शर्ट पसरला आणि तापलेली इस्त्री छातीवरून फिरवली. मनी आतून ओरडेपर्यंत उशीर झाला होता. इस्त्री वर आली तेव्हा तिच्या तळाला एक शून्य चिकटलेले होते. टी-शर्टावर उरले होते ‘१० किलो.’

मनी "लेबलवर लिहिलं होतं" असे म्हणणार होती, पण आजीने तिला चिमटा काढला. सिस्टर इस्त्री हातात धरून तशीच उभी राहिली. इस्पितळात ती कुणासमोर कधी रडली नव्हती, पण आता तिचे डोळे भरून आले.

निरीक्षक स्टुलावर बसले. त्यांना सिस्टरचा राग आला नाही. फक्त फार वाईट वाटले.

"नको," ते म्हणाले. "आत एक आणि लेबलावर दुसरं. असली पाकिटं मी दुकानांतून उचलून आणतो. अंगावर कसं घालू? जाऊ दे. तीनची बॅच काही वाईट नसेल."

सिस्टरने डोळे पुसले आणि इस्त्री बाजूला ठेवली.

"सव्वीस वर्षं जेवताना मी तुमची पाकिटंच ऐकतेय," ती म्हणाली. "लेबलापेक्षा कमी भरलं तर काय होतं?"

"गुन्हा. दंड होतो."

"आणि जास्त भरलं तर?"

निरीक्षकांनी मनातल्या मनात सगळा कायदा पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत वाचून पाहिला.

"नाही," ते सावकाश म्हणाले. "त्याला कलमच नाही."

"मग घाला आणि चला. मी येते बरोबर. ड्यूटीला दहा मिनिटं उशीर झाला तर इस्पितळ बुडत नाही."

सातला एक मिनिट असताना निरीक्षक जिममध्ये शिरले. सरांनी आधी नाकाने आणि मग डोळ्यांनी पाहिले.

"वास नाही, काका. पण हे... दहा?"

"लेबल दहाचं आहे," निरीक्षक छाती पुढे काढून म्हणाले. "माल शंभरचा आहे. केव्हाही तपासून घ्या."

तो फोटो आता त्या भिंतीवर आहे. सगळे शंभरवाले एका रांगेत आहेत आणि डावीकडून तिसरे निरीक्षक आहेत, मोजून पाहिले तरी तेच. डोळे उघडे आहेत, शिंक आलेली नाही. त्यांच्या मागे पांढऱ्या गणवेशातली एक बाई फोटोत नको असताना आली आहे. ती त्यांच्या खांद्याशी वाकून वास घेते आहे, आणि हसते आहे.